तव्यावरच्या पोळीसाठी शेअर बाजार

मे महिन्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत मी पूर्णवेळ ट्रेडर होतो. शेअर बाजारातला. या साडेतीन महिन्यांत मी एकूण किती सौदे केले असं कुणी विचारलं, की मी आधी विचारणाऱ्याचा चेहरा बघतो, कारण उत्तर शून्य आहे. हसायचं कारण नाही. शून्य सौदे म्हणजे शून्य तोटा, आणि पहिल्या वर्षी तोटा न झालेला ट्रेडर बंगळूरच्या उभ्या इलेक्ट्रॉनिक सिटीत दुसरा सापडायचा नाही, हे मला खुद्द प्रणीतने सांगितलंय. प्रणीत कोण ते सांगतो. पण आधी पोळीचं सांगायला हवं.

मी नंदकिशोर, मूळचा मिरजेचा. इथे बोम्मसंद्रातल्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात सव्वीस वर्षं गुणवत्ता तपासणीत आहे. माझ्या टेबलावर तीन रंगांचे स्टिकर असतात. हिरवा म्हणजे पास. लाल म्हणजे परत. आणि पिवळा म्हणजे 'दोष आहे, पण चालेल'. त्यावर वरिष्ठांची सही लागते. सव्वीस वर्षांत मी एकही पिवळा स्टिकर लावलेला नाही. दोष आहे तर चालेल कसं, एवढाच माझा साधा प्रश्न असतो. या प्रश्नामुळे कारखान्यात मला फार मित्र नाहीत.

तर अशा माणसाला रोज दुपारी साडेबाराला डबा उघडावा लागतो. सकाळी सातला तव्यावरून उतरलेली पोळी फॉइलमध्ये साडेपाच तास राहिली की तिचं जे होतं, त्याला आमच्या कारखान्यात गॅस्केट, म्हणजे व्हॉल्व्हमधली रबरी चकती, म्हणतात. बायकोच्या हाताला दोष नाही हो. प्रमोदिनीची पोळी तव्यावर टम्म फुगते, वरून तुपाचं बोट फिरतं, आणि ती ताटात पडताना वाफ सोडते. हे मी ऐकीव सांगत नाही, रविवारी पाहतो. पण रविवारी माझा मेहुणा गुंडोअण्णा सहकुटुंब येतो. रविवारची पोळी ही सार्वजनिक पोळी. तिच्यावर सात जणांचा हक्क असतो आणि गुंडोअण्णाचा वेग जास्त आहे.

मला हवी होती साध्या मंगळवारची पोळी. मी पाटावर, नाहीतर डायनिंग टेबलावर म्हणा, ती ओट्यापाशी, एक तव्यावर, एक ताटात, आणि मधे काहीतरी बोलणं. काय बोलणं, ते मी ठरवलं नव्हतं. कारखाना ते घर सात किलोमीटर आणि जेवणाची सुट्टी अर्धा तास. सव्वीस वर्षं मी ते सात किलोमीटर मनात मोजत गॅस्केट चावत होतो. मुलगी हर्षिता हैदराबादला नोकरीला गेल्यावर तर दुपारी घरात प्रमोदिनी एकटी असते आणि इथे मी एकटा चावतोय, हे मला फारच लागायला लागलं. पन्नाशी उलटल्यावर माणसाला कशाकशाची ओढ लागेल सांगता येत नाही. कुणाला हिमालय लागतो, मला मंगळवार लागला.

अशात एकदा मला ताप आला आणि मी दुपारी घरी होतो. प्रमोदिनीने मला सकाळीच पेज पाजून, गोळी देऊन झोपवलं होतं. एक वाजता जाग आली म्हणून बाल्कनीत गेलो, तर समोरच्या बाल्कनीत प्रणीत. हा पुण्याचा पोरगा, आयटीतली नोकरी सोडून घरी बसून ट्रेडिंग करतो. हातात ताट, आणि ताटातून वाफ येत होती. भर बुधवारी, दुपारी एकला, वाफ!

"काका, बेस्ट लाइफ आहे," तो म्हणाला. "नो बॉस, नो ट्रॅफिक. सव्वानऊला मार्केट उघडतं, साडेतीनला बंद. बाकी फुल फ्रीडम."

ती वाफ पाकिटातल्या नूडल्सची होती हे मला जुलैत कळलं. तोपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आमचे साहेब श्रीहर्ष भले माणूस. त्यांनी राजीनामा घेतला नाही. म्हणाले, "नंदकिशोर, चार महिने बिनपगारी रजा घ्या. एक सप्टेंबरला हजर झालात तर झालात, नाहीतर मग राजीनामा समजतो." मी निघाल्यावर असेंब्लीच्या लोकांनी म्हणे पेढे वाटले. माझ्या नव्या आयुष्याबद्दलचा आनंद, असं मी धरून चालतो.

घरी मात्र मी खरं कारण सांगितलं नाही. लग्नाला सत्तावीस वर्षं झालेल्या बायकोला 'तुझ्या हातची गरम पोळी खायला नोकरी सोडतोय' असं सांगायचं कसं? मी आर्थिक स्वातंत्र्यावर वीस मिनिटं बोललो. प्रमोदिनी बंगळूरच्या जुन्या मराठी घरातली. तिचे पूर्वज चारशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. त्यांची मराठी ऐकली की मिरजेचा माणूस जरा थबकतो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सरी." सरी म्हणजे बरं. सत्तावीस वर्षांत या एका शब्दाचे मी चौदा अर्थ नोंदवलेत. हा त्यातला कुठला, ते त्या दिवशी उमगलं नाही.

एक मेला मी आठला आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसलो. टेबल पूर्वेला तोंड करून गुंडोअण्णाने लावून घेतलं होतं. गुंडोअण्णा पोस्टातून निवृत्त झालेला. राहुकाळात कुणी तिकीट मागितलं तरी खिडकी बंद करायचा असा त्याचा लौकिक. सव्वानऊ वाजले. पडद्यावर काही हलेना. साडेनऊला मी प्रणीतला फोन केला.

"काका, आज मार्केट बंद आहे ना," तो झोपेतून म्हणाला. "महाराष्ट्र दिन."

कामगार दिनाची सुट्टी मला ठाऊक होती, पण ट्रेडर हा काही कामगार नव्हे, असा मी विचार केला होता. महाराष्ट्र दिन मिरजेच्या माणसाने विसरावा, आणि त्याची आठवण त्याला बंगळूरात शेअर बाजाराने करून द्यावी! त्यातून सुट्टी म्हणून गुंडोअण्णा सहकुटुंब आला. पुन्हा सार्वजनिक पोळी.

दोन मे उजाडला. मार्केट उघडलं, मी पडद्याकडे बघत होतो, पण कान स्वयंपाकघराकडे होते. अकरा वाजता प्रमोदिनी बाहेर आली. अंगावर खळ दिलेली सुती साडी, खांद्याला पर्स. तिने टेबलावर माझ्यापुढे काहीतरी ठेवलं. स्टीलचा डबा. तोच, झाकणावर माझं नाव कोरलेला.

"साडेबाराला खावा," ती म्हणाली. "मी साडेतीनपर्यंत येते."

"कुठे निघालीस?"

"क्लासला की. अय्यो, दोन वर्षं झाली."

आता क्लासचं मला माहीत होतं. म्हणजे हैदराबादला पाऊस पडला हे जसं माहीत असतं, तसं. कानडी शिकवते, बाहेरून आलेल्या आयटीवाल्यांना. पण ते मला फोनवर शिकवतात तसलं काही वाटलं होतं. ही एचएसआर लेआउटला जाते, तेही रोज, तेही ऐन जेवणाच्या वेळेला, हे तिने सांगितलं असेलही. त्या वेळी मी बहुधा व्हॉल्व्हबद्दल बोलत असेन.

"जेवणाच्या वेळीच का?" मी विचारलं.

"त्यांना तेव्हाच सुट्टी असते. स्वल्प बाजूला व्हा, माझी बस जाईल."

साडेबाराला मी माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर, फॉइल उघडलं. गॅस्केट! कारखान्यात निदान चौघे जण आपापल्या डब्याला नावं ठेवायला सोबत तरी होते. इथे समोर भिंत, आणि भिंतीवर गुंडोअण्णाने लावलेलं राहुकाळाचं कोष्टक. मला अगदी रडू आलं असं म्हणणार नाही. पण भाजी खारट लागली, आणि प्रमोदिनीचा हात मिठाला कधी चुकत नाही.

म्हटलं, ठीक आहे. आलोच आहोत तर ट्रेडिंग तरी नीट करू. प्रणीत म्हणाला होता, "काका, प्लॅनशिवाय बटण दाबायचं नाही." हे वाक्य चुकीच्या माणसाला सांगितलं गेलं. मी तपासणीचा तक्ता तयार केला, सत्तावीस मुद्द्यांचा. कंपनीचा नफा, कर्ज, मालकाचं शिक्षण, मागच्या पाच वर्षांच्या अहवालातल्या छपाईच्या चुका, असं सगळं. एकोणिसावा मुद्दा गुंडोअण्णाच्या आग्रहाखातर राहुकाळाचा, आणि सत्ताविसावा माझा: 'घरात शांतता आहे का?' शेअर निवडायचा, एकेक मुद्दा टिक करत जायचं. सतराव्या-अठराव्या मुद्द्यापर्यंत शेअरचा भाव असा काही बदललेला असायचा, की पहिल्या मुद्द्यापासून पुन्हा सुरुवात. मे गेला, जून गेला. मी दोनशे चौतीस शेअर तपासले आणि दोनशे चौतीस नापास केले. प्रणीतने एकदा माझ्या खांद्यावरून पाहिलं आणि म्हणाला, "काका, तुम्ही ट्रेडर नाही, तुम्ही मार्केटचे परीक्षक आहात." मला ते बरं वाटलं.

बिल्डिंगमध्ये मात्र माझी ख्याती पसरली ती वेगळ्याच कारणाने. माणूस दिवसभर घरी असतो, ही बातमी बाजारभावापेक्षा लवकर फिरते. पहिल्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या कावेरीअक्का आल्या. या प्रमोदिनीच्या दूरच्या मावसबहीण. बंगळूरच्या जुन्या मराठी लोकांत सगळेच एकमेकांचे दूरचे कुणीतरी असतात. "भावजी, माझं एक पार्सल येईल, स्वल्प ठेवून घेता काय?" घेतलं. मग पहिला मजला, मग दुसरा. जूनमध्ये बाराही फ्लॅटच्या लोकांनी पत्त्याखाली '३०२ मध्ये द्यावे' असं कायमचं लिहून टाकलं. गॅसवाला, पाण्याचे कॅन, कुणाच्या आईच्या गोळ्या, कुणाचा वॉशिंग मशीनचा मेकॅनिक. सव्वानऊ ते साडेतीन माझी घंटा वाजत होती. "तुम्ही घरीच असता ना" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की झोपेतही 'हो' म्हणायला लागलो. एका गृहस्थाने तर मला त्याच्या मांजराला तीन वाजता दूध घालायला सांगितलं. पूर्णवेळ ट्रेडरला! मी घातलं. मांजराचा काय दोष?

पण पार्सल घ्यायचं म्हणजे तपासायचं. सव्वीस वर्षांची सवय. मी कारखान्यातून उरलेले स्टिकरचे रोल घरी आणले होते, त्यांचा उपयोग झाला. खोका नीट तर हिरवा. चेपलेला, फाटलेला, टेप उचकटलेली तर लाल, आणि माल दारातूनच परत. सोसायटीतल्या लोकांना हे आधी कौतुकाचं वाटलं. मग ज्यांचे मिक्सर आणि बूट परत गेले, त्यांना तितकंसं वाटेना.

प्रमोदिनी साडेतीनला यायची. मी खुर्चीतून उठायचो तोवर ती थेट स्वयंपाकघरात, आणि मग भांड्यांचा आवाज. मी दारातून विचारायचो, "काय, कसा झाला क्लास?" ती म्हणायची, "झाला की." माझ्याकडे पाठ असायची. मला वाटायचं, हिला आता माझी गरज राहिलेली नाही. हिने आपलं आपलं जग उभं केलंय, त्यात मी नाही. हे मी कुणाला सांगणार? मुद्दा क्रमांक सोळा तपासत बसायचो.

असं चालता चालता ऑगस्ट आला, वरमहालक्ष्मीचा हब्बा आला. हा सण इकडे जोरात. शुक्रवारी कलश मांडतात, कलशाला देवीचा चांदीचा मुखवटा लावतात, साडी नेसवतात, शेजारच्या बायकांना बोलावतात. बुधवारची गोष्ट. सकाळी दहा चाळीसला इतिहास घडला. एक शेअर, नाव सांगत नाही, सव्वीसच्या सव्वीस मुद्द्यांवर पास झाला. मी खुर्ची पुढे ओढली. उरला एकच मुद्दा, घरात शांतता आहे का. आणि घंटा वाजली.

मी रागारागाने दार उघडलं. कुरिअर. खोक्याचा एक कोपरा चाळीस मिलिमीटर आत गेलेला. माझी मर्यादा दहा. एक शब्द न बोलता लाल स्टिकर मारला, 'बॉक्स डॅमेज, परत' लिहून सही केली, दार लावलं. तपासणीत खंड पडला की पुन्हा मुद्दा एकपासून, हा नियम माझाच. अकरा वाजता प्रमोदिनी नेहमीप्रमाणे डबा ठेवून गेली. अकरा वीसला शेअर पुन्हा सव्विसाव्या मुद्द्यावर आला. पुन्हा घंटा.

कावेरीअक्का. "भावजी, माझ्या देवीचा मुखवटा आला काय? फोनवर दाखवते 'पोचला', मग दाखवते 'परत'."

सांगावं लागलं. त्या रागावल्या असत्या तर मी नियम सांगितला असता. त्या पायरीवरच बसल्या आणि डोळ्याला पदर लावला. "आमच्या ह्यांच्या पेन्शनमधून साठवून घेतला होता हो. ह्या वर्षी पहिल्यांदा चांदीचा."

त्यांनी कुणाला फोन केला माहीत नाही, पण चार मिनिटांत मला गुंडोअण्णाचा आला. "भावजी! ट्रेडर माणूस तुम्ही! लक्ष्मी आपल्या पायाने दारात आली, आणि तुम्ही तिला लाल स्टिकर लावून परत धाडली?"

"खोका चेपला होता, अण्णा."

"देवीचा खोका मोजतात काय?" त्याचा आवाज खरोखर कापत होता. "मी तुम्हाला पूर्वेला तोंड करून बसवलं कशाला?"

प्रणीतने फोनवर शोधून काढलं, की खोका एचएसआरच्या गोदामात गेलाय आणि दोनच्या गाडीने परत जाणार. तो शेअर पडद्यावर तसाच लुकलुकत होता, एक बटण दाबायचं बाकी. मी डबा पिशवीत टाकला, रिक्षा पकडली आणि निघालो.

गोदामात काउंटरवर चंदन नावाचा तरुण बसला होता. त्याने खोका काढून माझ्यापुढे ठेवला, आणि मी हात लावणार तोच मागे ओढला. "सर, डॅमेज माल देता येत नाही. रिजेक्ट आहे. हा बघा स्टिकर."

"तो मीच लावलाय!"

"मग तर पक्का आहे सर. ज्याने लावला त्याने बघूनच लावला असेल."

इतका कर्तव्यदक्ष माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. आमच्या खात्यात असता तर मी त्याला डोक्यावर घेतला असता. मी वाद घातला, विनवण्या केल्या, वरमहालक्ष्मी सांगितली. तो म्हणाला, "दोष आहे ना सर? मग कसं चालेल?" माझंच वाक्य कुणी माझ्या तोंडावर मारेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. "मॅनेजर सही करू शकतात. ते जेवायला गेलेत, दीडला येतील."

जेवायला! मी डबा घेऊन बाहेर आलो. समोर झाडाखाली एक कट्टा होता, तिथे बसलो. रस्त्यापलीकडे एका ऑफिसचं कॅन्टीन, पूर्ण काचेचं, खिडक्या उघड्या. आत वीस-बावीस मुलंमुली डबे उघडून बसलेली. आणि त्यांच्यामध्ये उभी, खळ दिलेली सुती साडी नेसलेली, प्रमोदिनी.

मी तिला ओळखलं ते जरा उशिराच. इतक्या मोठ्यानं बोलताना, हात उडवत हसताना मी तिला गेल्या कित्येक वर्षांत पाहिलंच नव्हतं. ती एकेका टेबलाशी जाऊन विचारत होती, "ऊटा आय्ता?" म्हणजे जेवण झालं का. इकडे लोक भेटल्यावर आधी हेच विचारतात. ती मुलं घास गिळून, अडखळत उत्तर देत होती, "आय्तु, अक्का." एकाचं चुकलं की सगळे हसायचे, ती पुन्हा विचारायची. कुणी पंजाबचा, कुणी आसामचा. ती प्रत्येकाला विचारत होती, जेवलास का, जेवलीस का, जेवलास का.

तिला कुणी विचारत नव्हतं. तिचा डबा कोपऱ्यातल्या टेबलावर बंद होता. माझ्यासारखाच, स्टीलचा. सव्वाला पहिली तुकडी उठली, लगेच दुसरी आली, ती पाणी प्यायली आणि पुन्हा सुरू झाली, "ऊटा आय्ता?" डबा बंदच.

मी माझं फॉइल उघडलं नाही.

दीडला मॅनेजर आले. त्यांनी खोका बघितला, स्टिकर बघितला, मला बघितलं. "सर, कारण लिहून द्या. दोष असूनही का स्वीकारताय?"

माझ्या खिशात पाकीट, पेन आणि स्टिकरच्या पट्ट्या नेहमीच असतात. मी पिवळी पट्टी काढली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. लाल स्टिकरवर ती चिकटवली आणि लिहिलं, 'दोष आहे, पण चालेल.' ते मी दोनदा वाचून पाहिलं, खोटं का बोलू. मॅनेजरनी खाली सही केली. चंदनने खोका दोन्ही हातांनी दिला आणि देवीला नमस्कार केला.

अडीचला प्रमोदिनी बसस्टॉपवर आली, तर मी तिथे खोका छातीशी धरून उभा.

"अय्यो! तुम्ही? मार्केट?"

"ऊटा आय्ता?" मी विचारलं.

ती हसली नाही. म्हणाली, "घरी जाऊन खाते."

"रोज?"

"रोज. शिकवताना तोंडात घास कसा घालायचा? घरी आले की ओट्यापाशी उभ्यानेच. पावणेचारला कुठे पाट-पाणी करायचं?"

म्हणजे रोज साडेतीनला तो जो भांड्यांचा आवाज यायचा, तो हा. माझ्याकडे पाठ करून ती जेवत होती. आणि मी पलीकडच्या खोलीत बसून, हिला माझी गरज राहिली नाही, असं ठरवत होतो.

बसमध्ये देवी माझ्या मांडीवर होती. सिल्क बोर्डाच्या चौकातल्या गर्दीत बस उभी राहिली, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. मंगळवार, सात किलोमीटर, गॅस्केट, प्रणीतची वाफ. आर्थिक स्वातंत्र्याचं भाषण खोटं होतं हेही. ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती.

"एवढ्यासाठी नोकरी सोडलीत?"

"रजा. बिनपगारी."

"मला सांगायचं होतं की." तिचा आवाज बारीक झाला. "मी तेव्हा क्लास सकाळचा मागून घेतला असता. आता दोन वर्षं झाली, ती पोरं माझी वाट बघतात." मग ती म्हणाली, "आणि गरम पोळीचं म्हणाल तर, मला शेवटची गरम पोळी लग्नाच्या आदल्या दिवशी आईने वाढली. त्यानंतर नाही. जी करते तिच्या ताटात गरम कशी येणार?"

सत्तावीस वर्षं मी रविवारी तिची पोळी फुगताना पाहत आलो. ती कुठे जाते ते पाहत आलो. कुणाकडे येत नाही, ते माझ्या तपासणीतून सुटलं. मी देवीचा खोका तिच्या मांडीवर ठेवला आणि चेपलेला कोपरा हाताने सारखा करत बसलो.

कावेरीअक्कांना देवी पोचवली. त्यांनी हळद-कुंकवाचं पान माझ्याच हातात दिलं, गडबडीत. मग मी प्रमोदिनीला खुर्चीवर बसवलं आणि कणीक मळायला घेतली. पाणी जास्त झालं, पीठ वाढवलं. पीठ जास्त झालं, पाणी वाढवलं. शेवटी गुंडोअण्णाच्या कुटुंबाला पुरेल एवढा गोळा झाला. ती दोनदा उठायला लागली. मी म्हटलं, "उठायचं नाही. आज तपासणी तुझ्याकडे." पहिली पोळी फाटली. दुसरी तव्याला चिकटली. तिसरी एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ, आकार सांगण्यासारखा नाही, पण मधोमध लिंबाएवढी फुगली. फुगली हो! मी तुपाचं बोट फिरवलं, माझंच बोट भाजलं, आणि ती तिच्या ताटात टाकली. वाफ आली.

चार वाजायला आले होते. तिने घास तोडला, खाल्ला, आणि लगेच दुसरा तोडला. डोळे भरून आले होते, पण मिठामुळे असेल, मीठ मी दोनदा घातलं होतं. मग तिने माझ्या खिशातून पट्ट्या काढल्या, पिवळा स्टिकर सोडवला आणि माझ्या शर्टावर, बरोबर खिशाच्या वर लावला.

"सही लागते ना वरिष्ठांची?" ती म्हणाली. "पेन आणा."

तो शेअर त्या दिवशी वर गेला का खाली, मी आजतागायत पाहिलेलं नाही. प्रणीत सांगायला आला, की मी कानात बोटं घालतो. एक सप्टेंबरला कारखान्यात हजर झालो आणि श्रीहर्षसाहेबांपुढे अर्ज ठेवला, पहिली पाळी द्या म्हणून. पहाटे सहा ते दोन. ती पाळी मी सव्वीस वर्षं चुकवत आलो होतो, पहाटे साडेचारला उठावं लागतं म्हणून. साहेबांनी अर्ज वाचून विचारलं, "एवढंच हवं होतं?" मी म्हटलं, "एवढंच."

आता अडीचला घरी येतो, हातपाय धुऊन कणीक मळतो. खालून पार्सलं येतच असतात, घेतो, चेपलेली असली तरी घेतो. पहाटे साडेचारला डोळा उघडल्यापासून मी पावणेचारची वाट बघतो. मशीनवर व्हॉल्व्ह तपासतानाही घड्याळाकडे नजर जाते. साडेतीनला दारात किल्लीचा आवाज होतो आणि मी तवा चढवतो. एक तिची, एक माझी. पोळी अजून गोल झालेली नाही, रोज पिवळाच स्टिकर पडतो, फ्रिजचं दार पिवळं व्हायला आलंय. परवा मी म्हटलं, एखाद दिवशी तरी हिरवा दे.

"बेड," ती घास मोडत म्हणाली. "नको. पास झालात, की तुम्ही पुन्हा काहीतरी नवीन काढाल."